घाट उतरून गोव्यात आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांसाठी: पहिले सहा महिने

"गोव्याला राहतोस? मजा आहे बाबा तुझी!"

हे वाक्य तुला पन्नास वेळा तरी ऐकावं लागणार आहे, त्यामुळे त्याची सवय आत्ताच करून घे. यातली खरी पंचाईत अशी की गोव्यात करमत नाही असं म्हटलं तर कुणाला खरंच वाटत नाही. दिल्लीला किंवा चेन्नईला गेलेल्या पोराला लोक निदान "जड जात असेल रे" तरी म्हणतात.

मी लातूरचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये मी फोंड्याच्या एका भाड्याच्या खोलीत खिडकीबाहेरचं पाणी मोजत बसलो होतो. बाबांना कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं होतं. ज्या लातुरात अख्ख्या मराठवाड्यातून पोरं अकरावीला येतात, तिथून मी अकरावीसाठी बाहेर पडलो. आणि हो, फोंड्याला समुद्र नाही. गोवा म्हणजे समुद्र असं ज्यांना वाटतं त्यांना हे सांगून काही उपयोग होत नाही, पण सांगून ठेवतो.

माझं पहिलं वर्ष फार वाईट गेलं आणि दुसरं बरं गेलं. मधे काय बदललं ते खाली क्रमाने लिहिलंय. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. गोवा मराठी माणसाला फसवतो, कारण तो जवळचा वाटतो. बाजारात मराठी पेपर मिळतात, देवळात मराठी आरत्या चालतात, दुकानदाराशी मराठीत बोललास तर तो मराठीतच उत्तर देतो. मग वाटतं, इथं नवीन शिकायचं ते काय? सहा महिन्यांनी लक्षात येतं की सगळे आपल्याशी गोड बोलतात, पण पाहुण्याशी बोलावं तसं. केरळात गेलो असतो तर पहिल्या दिवसापासून पाटी घेऊन बसावं लागलं असतं. इथे ती पाटी आपणच काढून घ्यावी लागते.

पायरी १: निघायच्या आधी कागद

हे काम आई-बाबांचं, पण मागे लागायचं तू. शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत, गुणपत्रिका, आणि आपल्या विभागीय मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र. गोव्यातली शाळा वेगळ्या मंडळाची असते, म्हणून हे शेवटचं लागतं आणि नेमकं तेच लोक विसरतात. दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी का, हे गोव्यातल्या शाळेला फोन करून आधी विचारा. आम्ही विचारलं नाही. बाबांची एक पूर्ण फेरी आणि दोन दिवसांचा पगार त्यात गेला.

इथे अकरावी-बारावीला कॉलेज म्हणत नाहीत, हायर सेकंडरी म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी गणवेश असतो. "आता कॉलेजला जाणार" म्हणून घेतलेले रंगीत शर्ट घरीच राहतात. तहसीलदाराला इथे मामलेदार म्हणतात. महाराष्ट्राच्या जातीच्या दाखल्यावर गोवा राज्याच्या सवलती साधारणपणे मिळत नाहीत. बारावीनंतर इंजिनिअरिंग-मेडिकलच्या राज्याच्या जागांसाठी इथल्या रहिवासाच्या वर्षांची अट असते. त्यामुळे ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी अकरावीतच माहितीपुस्तिका उघडून आपण कुठल्या गटात बसतो ते बघून ठेवावं. बारावीच्या मे महिन्यात हे कळणं फार वाईट.

पायरी २: पहिला आठवडा नुसता फीर

गोवा लहान आहे, सगळा मिळून ३७०२ चौरस किलोमीटर. आपले जिल्हे याहून मोठे असतात. पण रस्ते वळणाचे, मधे नद्या, आणि अंतर किलोमीटरमध्ये सांगून भागत नाही. फोंड्याहून पणजी तीसेक किलोमीटर, पण बस तासाभराची धर.

बस दोन प्रकारच्या, सरकारी कदंब आणि खासगी. खासगी बसचा कंडक्टर दारात लोंबकळत "पणजे, पणजे, पणजे!" असं एका श्वासात ओरडतो आणि आत शिरल्यावर "फुडें वच, फुडें!" म्हणून पाठीवर हात ठेवतो. तो चिडलेला नसतो, त्याचा आवाजच तसा असतो. कदंबाचा विद्यार्थ्यांसाठी सवलतीचा पास मिळतो, तो पहिल्या आठवड्यातच काढ. रात्री आठ-साडेआठनंतर आडगावाकडच्या बस विरळ होतात, म्हणून आपल्या वाटेवरची शेवटची बस कितीची ते पाठ करून ठेव. साध्या फेरीबोटीत चालत जाणाऱ्या माणसाला पैसे पडत नाहीत. एखाद्या रविवारी रायबंदरहून चोडण बेटावर जाऊन ये, काही काम नसलं तरी.

दुपारी दीड ते चार बहुतेक दुकानं बंद. झेरॉक्स, स्टेशनरी, सगळं. आणि या वेळात कुणाच्या घराची बेल वाजवायची नाही. याला आळस म्हणून नाक मुरडू नकोस. तोच दुकानदार सकाळी आठला शटर वर करतो आणि रात्री आठपर्यंत उभा असतो.

पायरी ३: कोकणी, पहिल्या दिवसापासून

इथे जरा थांबतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

मराठी येणाऱ्याला कोकणी पंधरा दिवसांत कळायला लागते. कळते म्हणून आपण बोलत नाही, हीच गोम आहे. वर्गात पोरं आपापसात कोकणीत बोलतात, तुझ्याकडे वळली की सभ्यपणे मराठी किंवा हिंदीवर येतात. त्या वळण्यात गप्पांचा वेग जातो. चार दिवसांनी ती वळायची बंद होतात. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो, त्यांना कंटाळा येतो एवढंच.

म्हणून पहिलं वाक्य हे शीक: "म्हाका कोंकणी येना, पूण शिकपाक जाय." मला कोकणी येत नाही, पण शिकायची आहे. दुसरं: "मात्शें सवकास उलय." जरा हळू बोल. ही दोन वाक्यं लाज सोडून महिनाभर वापर.

आता सापळे. सारखे दिसणारे पण वेगळे निघणारे शब्द मी ठेच लागून शिकलो. फोंड्यातल्या तिस्क नाक्यावर बस पकडायला धावलो तेव्हा कंडक्टर म्हणाला, "राव, राव!" मला वाटलं, वा, काय मान देतात इथे, लातुरातही कुणी राव म्हणालं नव्हतं. मी रुबाबात पायरीवर पाय ठेवला आणि वरून उतरणाऱ्या आजींच्या पिशवीतलं नारळ माझ्या पायावर पडलं. राव म्हणजे थांब. "खंय रावता?" म्हणजे कुठे राहतोस. दुसरा सापळा मैदानावर. मित्र ओरडला, "पळय, पळय!" मी जीव खाऊन पळालो, आणि फुटबॉल मागून डोक्यात बसला. पळय म्हणजे बघ. पळायचं असेल तेव्हा ते "धांव" म्हणतात. "जाय" म्हणजे हवं, "नाका" म्हणजे नको. "चड" म्हणजे जास्त, आणि "मागीर" म्हणजे नंतर. हा नंतर पाच मिनिटांचा की पुढच्या आठवड्यातला, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

दोन गोष्टी मनाला लागतील, त्या आधीच सांगतो. कोकणीत बापाला, आजीलासुद्धा "तूं" म्हणतात. आमच्या बाबांना बसमध्ये एका वीस वर्षांच्या पोराने "तूं खंय वता?" म्हणजे तू कुठे चाललास, असं विचारलं, तेव्हा ते घरी येईपर्यंत धुमसत होते. तो अपमान नव्हता. आणि मुलींनो, तुमच्याबद्दल बोलताना शेजारच्या काकू "तें खंय गेलें?" म्हणतील. कोकणीत लहान-तरण्या मुलीला नपुंसकलिंग वापरतात. माझी बहीण तेव्हा आठवीत होती, तिने दोन दिवस तोंड फुगवलं होतं, "मी काय स्टूल आहे का?" म्हणून. आता ती स्वतःच "हांव आयलें" म्हणते.

चुकणार तू. ते हसणार. हसू दे. माझ्या चुकांवर जो पोरगा सगळ्यात जास्त हसायचा, त्याच्याशीच पुढे माझी दोस्ती जमली.

पायरी ४: एक वाक्य तोंडातून काढू नकोस

"कोकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?"

मी हे डबा खाताना, अगदी साळसूदपणे, पाच जणांच्या घोळक्यात विचारलं. कुणी भांडलं नाही. फक्त डबे पटापट बंद झाले. एकजण उठताना एवढंच म्हणाला, "तुका कितें खबर?" तुला काय माहीत?

आणि मला खरंच काही माहीत नव्हतं. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगिजांकडून मुक्त झाला, इतपत शाळेत झालं होतं. पण त्यानंतर १६ जानेवारी १९६७ ला इथे जनमत कौल झाला, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावर, हे लातूरच्या पुस्तकात मी कधी वाचलं नव्हतं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. कोकणी ही स्वतंत्र साहित्यभाषा असल्याचं साहित्य अकादमीने १९७५ मध्ये मान्य केलं. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही सोय ठेवली गेली. १९९२ मध्ये कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. आकड्यांकडे नीट बघ. दोन्हीकडे लाखाच्या वर माणसं होती, म्हणजे एकाच वाड्यावर, कधीकधी एकाच घरात दोन मतं. आजही एखाद्या घरातले आजोबा तुला मराठी राजभाषा व्हायलाच हवी असं ठासून सांगतील आणि नातू शेजारी बसून डोळे फिरवेल. तू फक्त ऐक. तुला मत असायची घाई नाही, आणि पाहुण्याने घरातल्या भांडणात पंच व्हायचं नसतं.

याच पायरीवर दुसरा शब्द येतो, जो तुला ऐकावा लागेल: घाटी. घाटावरून आलेला तो घाटी. कधी नुसतं वर्णन, कधी शिवी. "भायलो" हाही त्याचाच भाऊ, म्हणजे बाहेरचा. मित्र चेष्टेत म्हणाला तर मी म्हणायचो, "व्हय, घाटी. भाकरी खातां, जाय तुका?" बहुतेक वेळा तिथेच विषय संपायचा. पण कुणी रोज, ठरवून, चारचौघांत त्रास देत असेल तर ती चेष्टा नव्हे. वर्गशिक्षकांना सांग, घरी सांग. मी एका पोराचं चार महिने सहन केलं, आणि सांगितल्यावर ते दोन दिवसांत थांबलं. ते चार महिने अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आणि घाटी म्हटलं की आपण चिडतो, पण तोच शब्द आपण गदग-विजापूरहून कामाला आलेल्या माणसांबद्दल ऐकून हसतो का, तेही बघ. माझ्या बाकावरचा पहिला मित्र गदगचा होता. बाहेरून आलेली पोरं आधी एकमेकांना सापडतात, ते चांगलंच आहे. फक्त तेवढ्यावर थांबायचं नाही.

पायरी ५: वर्गातली इंग्रजी

गोव्यात प्राथमिक शाळा मराठी-कोकणीतून बऱ्याच आहेत, पण पाचवीपासून पुढे जवळपास सगळं इंग्रजीतून चालतं. मराठी माध्यमातून दहावी करून आलेल्याला विज्ञानाच्या वर्गात घाम फुटतो. मला पहिल्याच आठवड्यात उभं करून रिफ्रॅक्शन म्हणजे काय ते विचारलं. अपवर्तन मला कोळून प्यायल्यासारखं येत होतं. काचेच्या चिपेची आकृती डोळ्यांसमोर होती, आपाती किरण, स्तंभिका, सगळं. पण हेच ते, हे मला कळलंच नाही. मी मान खाली घालून बसलो आणि सरांनी वहीत काहीतरी लिहिलं.

उपाय साधा आहे, पण चिकाटी लागते. शंभरपानी वही घे, मधोमध रेघ मार. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, दोन्ही देवनागरीत. परासरण, ऑस्मोसिस. त्वरण, ॲक्सिलरेशन. विकर, एन्झाइम. तंतुकणिका, मायटोकॉन्ड्रिया. संप्लवन, सब्लिमेशन. दहावीच्या जुन्या पुस्तकातून रोज दहा शब्द काढ. त्यासाठी ते जुनं पुस्तक घरून घेऊन ये, रद्दीत देऊ नकोस. दिवाळीपर्यंत वही भरते आणि मग कळतं की तुला विषय येतच होता, त्याची नावं तेवढी बदलली होती. भाषेच्या विषयात मराठी घेता येते का, ते प्रवेशाच्या वेळीच विचार. घेतलीस तर निदान एका तासाला तरी वर्गात पहिला हात तुझा वर जाईल. त्या एका तासाची किंमत फार असते.

पायरी ६: पाऊस

लातूरला वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, गोव्यात ३००० च्या आसपास. आपण आकाशाकडे बघून वाढलेली माणसं, पहिले चार दिवस आनंदाने वेडे होतो. पाचव्या दिवशी चड्ड्या वाळत नाहीत.

चामड्याच्या चपला आणू नकोस. लातूरहून आणलेल्या माझ्या कोल्हापुरीवर तीन आठवड्यांत हिरवी लव आली, मांजराच्या पिल्लासारखी. प्लास्टिकचे सँडल घे. छत्री आणि रेनकोट दोन्ही लागतात, कारण वाऱ्यात छत्री उलटते आणि बसमध्ये ओला रेनकोट घालून कुणी शेजारी बसू देत नाही. दप्तरात आत एक जाड प्लास्टिकची पिशवी, वह्या तिच्यात. गणवेशाचे तीन जोड लागतातच. वीज जाते, म्हणून टॉर्च हाताशी ठेव. एवढं केलं की पाऊस सोसतो.

पायरी ७: जेवण

ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कडधान्याची आमटी यावर वाढलेल्या पोटाला रोज भात जड जातो. इथला घरचा भात बऱ्याचदा उकड्या तांदळाचा, लालसर आणि जाड दाण्याचा. त्याला "शीत" म्हणतात, आणि शीत-कडी म्हणजे जेवण. यातली कडी ताकाची नव्हे, नारळाची असते. मासे म्हणजे "नुस्तें". मासे खात नसशील तर "हांव शिवराक" एवढं म्हण, कुणी वाईट वाटून घेत नाही. सोमवारी बहुतेक हिंदू घरांत शिवराकच असतं.

पहाटे आणि संध्याकाळी सायकलवर पोदेर, म्हणजे पाववाला, येतो, रबरी भोंगा वाजवत. पाव, उंडो, कांकण, आणि कोंडा लावलेली पोई. तिला काही जण पोळीच म्हणतात. आईने पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकूंना विचारलं, "पोळ्या मिळतात का हो विकत?" काकू म्हणाल्या, मिळतात की. संध्याकाळी आमच्या ताटात गव्हाच्या पोळ्यांच्या जागी सहा पोया आणि त्यांच्याकडे बघत बसलेले आम्ही चौघं. आता मला पोईशिवाय चहा जात नाही.

पहिल्या जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरच्या मासेमारीला बंदी असते, म्हणजे तू पोचशील तेव्हा ताजी मासळी कमी आणि महाग. पहिल्याच महिन्यात "गोव्याचे मासे काय खास नाहीत" असं मत बनवू नकोस. ऑगस्टची वाट बघ.

पायरी ८: संध्याकाळ

घरची आठवण दुपारी येत नाही. ती सहा ते आठच्या मधे येते, दिवेलागणीला. कुणाच्या तरी घरातून फोडणीचा वास येतो आणि तो आपल्या फोडणीचा नसतो, कारण तेल खोबऱ्याचं.

मी त्या वेळी फोन घेऊन बसायचो. लातूरच्या मित्रांच्या ग्रुपवर कुणाला टेस्टमध्ये किती पडले, कुणी कुठल्या टपरीवर चहा घेतला, सगळं वाचायचो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा फुकट झाला आणि माझी अवस्था आणखी वाईट झाली. अंगाने फोंड्यात, डोक्याने लातुरात. शेवटी ग्रुप म्यूट केला. सोडला नाही, म्यूट केला. आणि दोन जिवलग मित्रांना रविवारी सकाळी फोन करायचं ठरवून टाकलं. रोजच्या शंभर मेसेजपेक्षा तो एक तास बरा.

मग सहा ते आठचं काय करायचं? घराबाहेर असायचं. मैदानावर जा, फुटबॉल येत नसला तरी गोलकीपरला कुणी नाही म्हणत नाही. महिन्यातून एकदा पणजीला जाऊन पाट्टोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात बस. १८३२ सालची संस्था आहे, मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं आहेत, आणि तिथे तुला "कुठून आलास" असं कुणी विचारत नाही. पण सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे नाटकाची तालीम. गोव्यात देवळांच्या जत्रांना गावचीच माणसं मराठी नाटकं करतात. दिवसभर दुकान सांभाळणारा, बस चालवणारा, बँकेत बसणारा माणूस रात्री कमरेला तलवार लावून पल्लेदार मराठी बोलतो, आणि विंगेत आला की "उदक दी रे" म्हणतो. तालमीत प्रॉम्प्टिंग करणारा पोरगा नेहमी हवा असतो. तुझं मराठी वाचन स्वच्छ असणार. जा आणि सांग, मी प्रॉम्प्टिंग करतो. मला हे अकरावीच्या डिसेंबरात सुचलं, तुला जुलैतच सुचावं म्हणून सांगतोय.

आणि हे सगळं करूनही रात्री झोप लागत नसेल, खावंसं वाटत नसेल, कशातच जीव लागत नसेल, तर ते नुसतं करमत नाही म्हणून सोडून देऊ नकोस. घरी बोल. घरी बोलता येत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, आणि १०९८ मुलांसाठी आहे. दोन्ही फुकट.

पायरी ९: स्कूटर आणि समुद्र

इथे सगळ्यांकडे दुचाकी असते आणि "घे रे, एक चक्कर मार" म्हणणारा मित्र पहिल्या महिन्यातच भेटतो. सोळा ते अठरा या वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो. तुझ्यासमोर उभी असते ती ११० सीसीची. पकडला गेलास तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. बाबांचा चेहरा आठव आणि बसने जा.

समुद्राबद्दल एकच गोष्ट पण नीट ऐक. विहिरीत, तलावात पोहणारा समुद्रात पोहू शकतोच असं नाही. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्राचं पाणी लाटेने आत येतं आणि कुठल्या तरी एका पट्ट्यातून जोरात परत जातं. तो पट्टा वरून शांत दिसतो, म्हणून नवखे नेमके तिथेच उतरतात. त्यात सापडलास तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नकोस, किनाऱ्याला समांतर बाजूला पोह, ओढ संपली की मग बाहेर ये. जीवरक्षक असतील तिथे, त्यांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं. लाल झेंडा असेल तर नाही, पावसाळ्यात नाही, अंधार पडल्यावर नाही. घरून पाहुणे येतील, ते ऐकणार नाहीत. त्यांना सांगायचं काम आता तुझं, तू गोव्याचा ना!

पायरी १०: चवथीचं आमंत्रण नाकारू नकोस

गणेश चतुर्थीला इथे चवथ म्हणतात. लातूरसारखे चौकाचौकात मंडप कमी, सगळं घरात. शहरातली माणसं आपापल्या मूळ गावच्या घरी जातात आणि फोंड्याच्या बाजारात दोन दिवस चिटपाखरू नसतं. आधीच भाजी-दूध भरून ठेवा. त्या रिकाम्या गल्लीत बसून मला पहिल्यांदा रडू आलं होतं. २०१६ ला चवथ ५ सप्टेंबरला होती. संध्याकाळी तो माझ्या चुकांवर हसणारा पोरगा सावई वेऱ्याहून मामाची मोटरसायकल आणि मामा दोन्ही घेऊन आला आणि म्हणाला, "चल."

त्यांच्या घरी गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधलेली. लाकडी चौकट, तिला सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, आणि रानातली अशी फळं जी मी आयुष्यात पाहिली नव्हती. पानात खतखतें, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, नेवऱ्या. मग आरतीला सगळा वाडा जमला. घुमट, शामेळ, कासाळें. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला कातडं. शामेळ म्हणजे छोटा ढोल, कासाळें म्हणजे झांज. "सुखकर्ता दुखहर्ता" सुरू झाली आणि मी छाती भरून गायला लागलो. ही तर माझी. शब्द न् शब्द पाठ. पण माझी आरती दीड मिनिटात संपते आणि त्यांची तेव्हा कुठे लयीत आली होती. मी "जय देव जय देव" वर पोचलो आणि खोलीत मी एकटाच. तीस माणसं अजून पहिल्या ओळीवर, घुमट घुमतोय, आणि माझा आवाज मधेच लटकलेला. आजी हसल्या. त्यांनी माझ्या हातात कासाळें दिलं आणि माझ्या मनगटाला धरून ताल द्यायला लागल्या. एक, दोन, थांब. एक, दोन, थांब. "राव," त्या म्हणाल्या. यावेळी मला अर्थ माहीत होता.

तर आमंत्रण आलं की जा. आई म्हणेल, ओळख नाही पाळख नाही. तरी जा. हात हलवत जाऊ नकोस, फळं किंवा अगरबत्तीचा पुडा ने. आणि पंगतीनंतर पत्रावळी उचलायला उठ, कुणी नको म्हणालं तरी.

पहिल्यांदा घरी जाताना

दिवाळीला जा, पण नरकासुराची रात्र इथे काढून मग जा. वाड्या-वाड्यावरची पोरं महिनाभर खपून दहा-पंधरा फुटी नरकासुर करतात आणि पहाटे जाळतात. कागद चिकटवायला हात कमीच पडत असतात, म्हणजे तुझी तिथे सोय झालीच.

घरी गेल्यावर कोकणी शब्द तोंडात येतील आणि आत्या म्हणेल, पोरगं बिघडलं. मित्र भेटतील, पण त्यांचे विनोद तुला अर्धेच कळतील. तिसऱ्या दिवशी पावसाचा वास आठवेल. हे कुणाला सांगायला जाऊ नकोस, आईला सांगितलंस तर तिला उगाच लागतं.

परत येताना मित्राच्या घरासाठी शेंगदाण्याची चटणी आण, ती कोरडी असते, टिकते. ज्वारीचं पीठ मात्र दोन किलोच्या वर आणू नकोस. आम्ही पहिल्या वर्षी दहा किलो आणलं. गोव्याच्या दमट हवेत महिन्याभरात कडू झालं आणि सगळं शेजारच्या म्हशीला घातलं. त्यापेक्षा ज्वारीच आण आणि लागेल तशी दळून घे. गिरणीवाल्याला सांग, तांदळाच्या आधी माझं दळ. तो "मागीर" म्हणेल. बसून राहा.